ज्योतिर्विद सुबाजी बापू

आपल्या माळव्यातच, सीहोर येथे, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुबाजी बापू हे थोर ज्योतिर्विद होऊन गेले. तेथील इंग्रज अधिकारी विल्किन्सनसाहेब यांच्याशी त्यांचा शास्त्रविचार चाले. पुराणांतील पृथ्वी सपाट. भास्कराचार्यांची गोल, परंतु स्थिर. कोपर्निकसची सूर्याभोवती फिरणारी! ही तिन्ही मते तोलून बापूंनी १८३६ साली ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ सिद्ध केला व कोपर्निकसचा पक्ष उचलून धरला. पुराणाभिमानी पंडितांनी लेखणी उगारली. बापूंनी ग्रंथानेच उत्तर दिले. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही हे कळूनही देवघरांतील नंदादीप विझले नाहीत. विद्यार्थिमित्रहो, उद्या अन्य ग्रहावर जीवसृष्टी आढळली, तर आपणही भयभीत न होता बापूंप्रमाणे आधी तोलावे, मग स्वीकारावे.