पोटच्या मुलीला गमावलं, पण जगाला सीपीआर शिकवला : डॉ. पीटर सफार यांची गोष्ट

अंगारकी चतुर्थी. जालना जिल्ह्यातल्या राजूरच्या गणपतीला भाविकांची रीघ लागलेली. समजा, रांगेतलं कुणीतरी अचानक कोसळलं आणि श्वास थांबला. १०८ ला फोन गेला, पण या गर्दीतून रुग्णवाहिका यायला वेळ लागणार. इकडे हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. मग तेवढ्या वेळात करायचं काय?

याचं उत्तर ज्यांनी शोधलं, त्यात डॉ. पीटर सफार हे मोठं नाव.

सफार यांचा जन्म १९२४ चा, व्हिएन्नाचा. आईवडील दोघंही डॉक्टर. हिटलरच्या सैन्यात जायला लागू नये म्हणून या पोराने अंगावरचा इसब मुद्दाम वाढवून घेतला. युद्ध संपल्यावर तो डॉक्टर झाला आणि अमेरिकेत जाऊन भूलतज्ज्ञ बनला.

तेव्हा बुडालेल्या माणसाला पालथं झोपवून पाठ दाबायची पद्धत होती. १९५६ मध्ये सफार यांची डॉ. जेम्स एलम यांच्याशी भेट झाली. तोंडाने दिलेला श्वास पुरेसा ठरतो, असं एलम सांगत होते. सफार यांनी ते तपासायचं ठरवलं. स्वयंसेवकांना औषध देऊन त्यांचा श्वास थांबवला आणि सामान्य लोकांना त्यांच्या तोंडात हवा फुंकायला लावली. जुनी पद्धत फोल ठरली. डोकं मागे करून हनुवटी वर उचलली की श्वासाचा मार्ग मोकळा होतो, हेही सिद्ध झालं.

पुढे १९६० मध्ये बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती दाबून रक्तप्रवाह चालू ठेवता येतो हे दाखवलं. श्वास आणि दाब एकत्र आले आणि सीपीआर तयार झाला. सफार यांच्या सांगण्यावरून नॉर्वेचे खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी सरावासाठी बाहुली बनवली. तीच ही ॲन.

१९६६ मध्ये सफार यांची ११ वर्षांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्याने कोसळली. तिचं हृदय आणि श्वास परत सुरू झाले, पण मेंदू वाचला नाही. मदत पोहोचेपर्यंतची मिनिटं किती महाग असतात, हे बापाला घरातच कळलं.

ते खचले नाहीत. तेव्हा पिट्सबर्गमध्ये रुग्णाला पोलिसांच्या गाडीतून नेलं जायचं आणि वाटेत उपचार होत नसत. १९६७ मध्ये सफार यांनी तिथल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना प्रशिक्षण दिलं. त्यातून फ्रीडम हाऊस ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. आजच्या प्रशिक्षित रुग्णवाहिका सेवेचा पाया घालणाऱ्यांत तिचं नाव घेतलं जातं. सफार २००३ मध्ये गेले.

आता आपलं काम. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावायला सांगा. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. शिकलेलं असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास द्या, नसेल तर नुसतं दाबत राहा. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलांना मात्र श्वासाची गरज जास्त असते. म्हणून एकदा प्रशिक्षण घेऊनच ठेवा.