ॲनबाई जडसन

१ ऑगस्टला आमच्या शाळेत लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी झाली. मी भाषण केले. भाषणात मंडाले हे नाव होते, पण ते कुठे आहे हे मला ठाऊकच नव्हते. टिळकांना १९०८ पासून १९१४ पर्यंत तिथे तुरुंगात ठेवले होते. गुरुजींनी नकाशावर ब्रह्मदेश दाखवला. त्याला आता म्यानमार म्हणतात. मग ते म्हणाले की टिळकांच्या पुष्कळ आधी त्याच भागात आणखी एक माणूस तुरुंगात होता, पण गोष्ट त्याच्या बायकोची आहे. ती मी लिहीत आहे.

ॲनबाईंचा जन्म १७८९ साली अमेरिकेत ब्रॅडफर्ड गावी झाला. लग्नाआधी त्या शाळेत शिकवायच्या. १८१२ च्या फेब्रुवारीत त्यांचे लग्न अडोनिराम जडसन या ख्रिस्ती धर्मोपदेशकाशी झाले, आणि दोनच आठवड्यांनी दोघे जहाजात बसले. चार महिने नुसते पाणी! कलकत्त्यास पोचल्यावर ते बाप्टिस्ट पंथात गेले. कंपनी सरकारने तिथे राहू दिले नाही, म्हणून १८१३ साली ते रंगूनला गेले. जडसनसाहेबांबरोबर धर्मोपदेशक झालेले हॉल आणि नॉट हे मात्र त्याच वर्षी आपल्या मुंबईला आले. म्हणजे ॲनबाईसुद्धा इकडे आल्या असत्या, असे मला वाटते.

रंगूनला साहेब दिवसभर पुस्तक घेऊन बसायचे. घर ॲनबाई बघायच्या. नोकरांशी, शेजारणींशी बोलून बोलून त्या ब्रह्मी भाषा नवऱ्याच्या आधी बोलू लागल्या. त्यांचा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन वारला.

१८२४ साली ते आवा या राजधानीत राहायला गेले, आणि तेव्हाच इंग्रज व ब्रह्मदेश यांचे युद्ध पेटले. सगळे गोरे लोक इंग्रजांचे हेर आहेत असे राजाच्या माणसांना वाटले. जूनमध्ये त्यांनी साहेबांना घरातून दोरीने बांधून नेले. तुरुंगात पायांत तीन तीन बेड्या होत्या. रात्री पायांमधून बांबू घालून वर उचलायचे, म्हणजे खांदे आणि डोके तेवढे जमिनीला टेके. मी घरी खाटेवर पाय वर ठेवून बघितले. थोड्याच वेळात मुंग्या आल्या.

ॲनबाई रोज अधिकाऱ्यांकडे जाऊन विनवण्या करायच्या. जेवण पाठवायच्या. दोन मैल चालत जायच्या आणि रात्री अंधारातून परत यायच्या. साहेबांनी बायबलाचे ब्रह्मी भाषेत भाषांतर चालवले होते. ते कागद ॲनबाईंनी आधी जमिनीत पुरले. पण पावसाळ्यात ते कुजतील म्हणून मग एका उशीत शिवले. उशी मुद्दाम कडक आणि वाईट केली, कारण चांगली असती तर पहारेकऱ्यानेच घेतली असती. केवढी हुशारी! ती उशी साहेबांच्या डोक्याखाली असायची.

१८२५ च्या जानेवारीत त्यांना मुलगी झाली, मारिया. वीस दिवसांची मारिया घेऊन त्या तुरुंगाच्या दारात गेल्या. मे महिन्यात कैद्यांना अनवाणी, उन्हातून दुसऱ्या गावी नेले. ॲनबाई मारियाला घेऊन बैलगाडीतून मागोमाग गेल्या. तिथे एका पहारेकऱ्याने त्यांना धान्याच्या खोलीत जागा दिली, अर्धी खोली धान्याने भरलेली. मुलांना देवी आल्या. मग ॲनबाईच इतक्या आजारी पडल्या की अंगावरचे दूध आटले. मारिया सारखी रडायची. तेव्हा पहारेकऱ्यांना काहीतरी देऊन साहेब बाहेर पडायचे आणि बेड्या घातलेल्या पायांनी घरोघर जाऊन लेकुरवाळ्या बायकांना म्हणायचे की माझ्या मुलीला थोडे पाजा. त्या बायका पाजायच्या.

हे मी आईला वाचून दाखवले. आईला टायफॉइड झाला होता तेव्हा माझ्या लहान भावाला शेजारच्या काकूंनी पाजले होते. आई म्हणाली की पुन्हा वाच. मी पुन्हा वाचले.

त्यांच्याकडे एक बंगाली स्वयंपाकी होता. त्याने जातपात बाजूला ठेवून सगळ्यांची सेवा केली, पगार मागितला नाही. त्याचे नाव मला पुस्तकात सापडले नाही.

नोव्हेंबरात राजाला इंग्रजांशी बोलायला दुभाषा हवा झाला, म्हणून साहेबांना सोडले. सतरा महिने झाले होते. १८२६ साली तह झाला. ॲनबाई अमहर्स्ट या नव्या गावी राहायला गेल्या. साहेब कामासाठी आवाला असताना त्यांना ताप आला आणि २४ ऑक्टोबर १८२६ ला त्या वारल्या. तेव्हा त्या ३६ वर्षांच्या होत्या. मारियाही सहा महिन्यांनी गेली. हे मी आईला सांगणार नव्हते, पण तिने विचारले.

उशीचे सांगायचे राहिले. कैद्यांना दुसऱ्या गावी नेले तेव्हा ती तुरुंगात फेकून दिली होती. जडसनांच्या ओळखीच्या माँग इंग नावाच्या माणसाने आठवण म्हणून ती घरी नेली. आत काय आहे ते त्यालाही माहीत नव्हते. काही महिन्यांनी उशीतून सगळे कागद चांगले निघाले. पुढे १८३४ साली भाषांतर पुरे झाले. ते तिकडे अजून वाचतात.

— इयत्ता ४ थी