साडेअकरा पौंडांत शिकलेले बाबासाहेब

गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या वस्त्यांमधली आपली मुले-मुली आता परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरू लागली आहेत. घरातून पहिला प्रश्न येतो तो पैशाचा. दुसरा येतो, तिथे एकट्याने निभेल का? हे दोन्ही प्रश्न शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांपुढेही होते. म्हणून त्यांचे विद्यार्थीजीवन आपण नुसते अभिमानाने नव्हे, तर अभ्यास म्हणून वाचले पाहिजे.

1913 च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय 22. त्याच वर्षी वडील सुभेदार रामजी वारले होते. हाती सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीही तीनच वर्षांची. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. वसतिगृहातले जेवण त्यांना रुचेना, तेव्हा त्यांनी जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत ते राहू लागले आणि ही मैत्री जन्मभर टिकली. शाळेत ज्याला गोणपाटावर वेगळे बसावे लागले, तो इथे सर्वांच्या बरोबरीने वर्गात बसत होता, एका टेबलावर जेवत होता. माणसासारखे जगता येते, हा अनुभव त्यांना कोलंबियाने दिला.

पण त्या मोकळेपणात ते हरवले नाहीत. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे मिळेल ते शिकले. 1915 मध्ये एम. ए. झाले. 9 मे 1916 रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. परक्या देशात बसून त्यांनी आपल्याच समाजाच्या मुळाशी हात घातला.

1916 मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्ती संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार बडोद्यात नोकरीवर गेले, तर जात आडवी आली. शिपाई फायली लांबून टाकत, राहायला घर मिळेना. परदेशी पदवीने जात धुतली जात नाही, हे तिथे कळले.

तरीही त्यांनी लंडन सोडले नाही. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. याच काळात राजर्षी शाहू महाराज भेटले. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी त्यांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून गौरवले. गडहिंग्लज तेव्हा कोल्हापूर संस्थानातच होते. म्हणजे आपल्या राजाने हा माणूस ओळखला होता. जुलै 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. सोबत स्वतःची बचत, भथेनांकडून घेतलेले 5,000 रुपये आणि महाराजांची मदत होती. अर्धपोटी राहून त्यांनी दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात काढले. इकडे मुंबईत रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. एम. एस्सी., बॅरिस्टर आणि 1923 मध्ये डी. एस्सी. या पदव्यांमध्ये रमाईंचाही वाटा आहे.

आज राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाने राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राचीही आहे. मात्र 2022 मध्ये केंद्राने आपल्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील समाजाविषयीच्या संशोधनाचे विषय वगळले. विचार करा, असा नियम तेव्हा असता, तर जातींवरचा तो निबंध शिष्यवृत्तीच्या बळावर लिहिता आला असता का?  लोकशाही सरकारने विषयांवर असे कुंपण घालावे, याचा जाब आपण विचारला पाहिजे.

गावोगावच्या विहारांत जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा अर्जाच्या फीसाठी, इंग्रजीच्या परीक्षेसाठी बाजूला ठेवता येईल. जे जाऊन आले, त्यांनी मागच्यांना कागदपत्रे समजावून सांगावीत. भथेना आणि शाहू महाराज बाबासाहेबांच्या मागे उभे राहिले. आपल्या मुलांच्या मागे आपणच उभे राहायचे आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.