केंब्रिजमध्ये पहिला आलेला हा गणितज्ञ पुण्यात ७५ रुपये पगाराच्या नोकरीला का आला?

शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याचं पोर असो की पुण्यातलं, गणितात डोकं चालतं म्हटलं की घरचे सांगतात, स्पर्धा परीक्षा दे, सरकारी नोकरी लागेल. पुढचा प्रश्न ठरलेला. पगार किती?

सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका कोकणी पोरापुढे होता. त्याचं नाव रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

१८७६ साली दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावात जन्म. धोंडो केशव कर्वे नात्यातले, त्यांच्याकडे राहून मुंबईत शिक्षण झालं. पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि तिथून भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर थेट केंब्रिज.

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला येणाऱ्याला सीनिअर रँग्लर म्हणायचे. १८९९ मध्ये हा मान परांजपे आणि जॉर्ज बर्टविसल या दोघांना मिळून मिळाला. असा मान मिळवणारे परांजपे पहिले भारतीय. तेव्हापासून ते महाराष्ट्राचे रँग्लर परांजपे झाले.

एवढ्या नावावर सरकारी नोकरीत शेकड्यांनी पगार मिळाला असता. पण परांजपे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. म्हणजे किमान २० वर्षं संस्थेतच शिकवायचं. पगार? गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या आजीव सदस्यांना महिना ७५ रुपये मिळायचे. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागलेल्या रामानुजन यांना ३० रुपये होते.

१९०२ मध्ये परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि जवळपास २० वर्षं त्या खुर्चीवर राहिले.

मग १९२१ मध्ये हा गणिताचा मास्तर सरकारात गेला. तोही मुंबई इलाख्याचा शिक्षणमंत्री म्हणून.

इथं एक गंमत होती. नव्या कायद्यानुसार मंत्र्याचा पगार कमी करायचा का, हे कायदेमंडळ ठरवू शकत होतं. दुसरीकडे शिक्षण खातं मंत्र्याकडे, पण तिजोरी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. म्हणजे शाळा काढायच्या तुम्ही आणि पैसे मागायचे दुसऱ्याकडे.

तरीही १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा त्यांच्याच काळात आला. प्राथमिक शाळांचा कारभार नगरपालिका आणि जिल्हा लोकल बोर्डांकडे गेला. सक्तीचं शिक्षण टप्प्याटप्प्यानं लागू करायची सोय झाली. गावाकडच्या शाळांचा कारभार आज जिल्हा परिषद बघते, त्या वाटेवरचं हे एक मोठं पाऊल.

पुढे ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते. मोठी सरकारी पदं त्यांना मिळाली, पण ऐन उमेदीची वर्षं त्यांनी फर्ग्युसनच्या वर्गात दिली होती.

१९६६ मध्ये ते गेले. लेखिका-दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या नात.