नागणिका

नागणिका (नागनिका, नायनिका) ही सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी होती. जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात कोरलेल्या शिलालेखामुळे ती प्रसिद्ध आहे. तिचा काळ सामान्यतः इ.स.पू. दुसरे ते पहिले शतक मानला जातो.

कुटुंब

नागणिका ही महारठी त्रणकयिरो याची कन्या होती, असे अभ्यासक मानतात. महारठी ही स्थानिक सत्ताधाऱ्यांची पदवी असल्याने या विवाहाने सातवाहनांचे दख्खनमधील बलाढ्य घराण्याशी नाते जुळले. वेदिश्री व शक्तिश्री हे तिचे पुत्र होत.

राज्यकारभार

सातकर्णीच्या निधनानंतर पुत्र अल्पवयीन असल्याने नागणिकेने त्यांच्या वतीने राज्य सांभाळले, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. नाणेघाट हा जुन्नरला कल्याण व सोपारा या बंदरांशी जोडणारा व्यापारी मार्ग असल्याने तेथील लेख येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेस पडत असे. ब्राह्मी लिपीतील या प्राकृत लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची, तसेच दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे व कार्षापण नाण्यांची नोंद आहे. महिनाभराचे उपवास करणारी आणि घरात राहून तपस्विनीचे जीवन जगणारी, असे राणीचे वर्णन त्यात येते. लेखाचे बरेच भाग तुटलेले आहेत. त्यामुळे ही राणी म्हणजे नागणिका, हे लेण्यातील इतर नावांच्या आधारे ठरविले जाते.

नाणी व प्रतिमा

सातकर्णी व नागणिका या दोघांची नावे असलेले चांदीचे नाणे जुन्नर येथे मिळाले आहे. प्राचीन भारतीय नाण्यावर राजासोबत राणीचे नाव येणे दुर्मीळ आहे. रोममध्ये सम्राट कॅलिग्युलाने इ.स. ३७-३८ मध्ये पितळी सेस्टर्शियस नाण्यावर आपल्या तीन बहिणींच्या आकृती नावांसह उमटविल्या होत्या. सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा त्याआधीच नाणेघाटात, नाण्यावर नव्हे तर लेण्याच्या मागील भिंतीवर, कोरल्या गेल्या होत्या. त्यांत सिमुक, नागणिका व सातकर्णी, राजकुमार आणि महारठी यांचा समावेश होता. या प्रतिमा आता नष्ट झाल्या असून पावलांचे अवशेष व वर कोरलेली काही नावे शिल्लक आहेत. त्यांत नागणिकेचे नाव आजही वाचता येते.