लुईजी गॅल्व्हानी : मज्जातंतूंतील विजेचे आद्य संशोधक

गंज चढू नये म्हणून जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याला ‘गॅल्व्हनाइज्ड’ म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडले ते लुईजी गॅल्व्हानी धातूंचे अभ्यासक नव्हते. ते वैद्यक होते आणि प्राण्याच्या शरीरात धातूविनाही वीज असते, हे दाखवून देण्यात त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची पडली.

इटलीतील बोलोन्या येथे ९ सप्टेंबर १७३७ रोजी त्यांचा जन्म झाला. १७५९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली व पुढे तेथील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे अध्यापन केले. १७६२ मध्ये प्राध्यापक गालिआत्सी यांची कन्या लुचिया यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. पतीच्या प्रयोगांत त्यांचाही सहभाग असे.

१७८१ मध्ये बेडकाच्या पायावर प्रयोग सुरू असताना, मज्जातंतूला चाकूचे टोक लागलेले असतानाच जवळच्या विद्युतयंत्रातून ठिणगी उडाली आणि तो निर्जीव पाय जोराने आखडला. १७८६ मध्ये पितळी आकड्याला लावलेले पाय लोखंडी कठड्याला टेकताच, ठिणगीविनाच आखडू लागले. स्नायूंमध्ये वीज साठलेली असते व मज्जातंतू ती वाहून नेतात, असा निष्कर्ष गॅल्व्हानींनी काढला. १७९१ मध्ये त्यांचा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास लुचिया हयात नव्हत्या. १७९० मध्येच त्यांचे निधन झाले होते.

पाव्हिया विद्यापीठातील अलेस्सान्द्रो व्होल्टा यांनी प्रथम या शोधाचे स्वागत केले. नंतर मात्र ही वीज बेडकाची नसून दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून निर्माण होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. गॅल्व्हानींचे उत्तर प्रयोगाचेच होते. १७९४ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, धातूचा स्पर्शही न होता मज्जातंतू स्नायूला टेकविल्यास पाय आखडतो, हे त्यांनी दाखविले. १७९७ मध्ये एका पायाचा मज्जातंतू दुसऱ्याच्या मज्जातंतूवर ठेवूनही तोच परिणाम साधला.

याच सुमारास नेपोलियनच्या विजयानंतर उत्तर इटलीत सिसाल्पाईन प्रजासत्ताक स्थापन झाले. त्या सत्तेशी निष्ठेची शपथ घेणे गॅल्व्हानींच्या सदसद्विवेकबुद्धीला पटले नाही. १७९८ मध्ये त्यांना प्राध्यापकपद व उत्पन्न गमवावे लागले. त्यांची कीर्ती लक्षात घेऊन पुढे त्यांना पुन्हा सामावून घेण्याचे ठरले. पण त्याचा लाभ त्यांना झाला नाही. ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. १८०० मध्ये व्होल्टांची विद्युतघटमाला जगासमोर आली आणि हा वाद व्होल्टांनी जिंकला, असेच सर्वांना वाटले.

वस्तुतः कठड्यावरील प्रयोगाबाबत व्होल्टा बरोबर होते, तर सजीवांतील विजेबाबत गॅल्व्हानी. १८४० च्या दशकात बर्लिनमध्ये एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी मज्जातंतूंतील विद्युतप्रवाह मोजला. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर असल्याचे दाखविले. तारेतील विजेच्या तुलनेत हा वेग फारच मंद होता. त्याचे कारण १९५२ मध्ये हॉजकिन व हक्सली यांनी माकूळ या सागरी जीवाच्या जाड मज्जातंतूवरील प्रयोगांतून स्पष्ट केले. विश्रांतीच्या स्थितीत मज्जापेशीचा आतील भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. चेतना मिळताच पेशीपटलातील द्वारे उघडतात, सोडियमचे धनभारित कण आत शिरतात आणि त्या जागी आतील भाग क्षणभर धन होतो. त्यामुळे शेजारची द्वारे उघडतात. मागोमाग पोटॅशियमचे कण बाहेर पडून पूर्वस्थिती येते. असा हा संदेश टप्प्याटप्प्याने नव्याने निर्माण होत पुढे सरकतो, म्हणूनच लांबच्या प्रवासातही तो क्षीण होत नाही. या संशोधनाला १९६३ चे नोबेल पारितोषिक लाभले.

शरीराची वीज शरीरातच निर्माण होते, ही गॅल्व्हानींची मूळ धारणा त्यांच्या मृत्यूनंतर दीड शतकाने अशी पूर्णपणे उलगडली. हृदयाचा व मेंदूचा विद्युतआलेख काढणारे आजचे वैद्यक याच धारणेवर उभे आहे.