शीतविद्येचे आचार्य हाइके कामर्लिंग ऑनेस

समुद्राला बांध घालून ज्यांनी आपली शेते मिळविली त्या डच लोकांच्या अंगी चिकाटी हा गुण उपजतच असावा. त्यांच्या देशाच्या उत्तर भागात ग्रोनिंगेन नावाचे जुने विद्यापीठाचे शहर आहे. तेथे ता. २१ सप्टेंबर १८५३ रोजी एका वीटकारखानदाराच्या घरी हाइके कामर्लिंग ऑनेस ह्यांचा जन्म झाला. त्यांची प्रकृती नाजूक, परंतु बुद्धी तीव्र होती. १८७० साली ते गावच्याच विद्यापीठात दाखल झाले व दुसऱ्याच वर्षी वायुरूप पदार्थांच्या घनतेविषयीच्या निबंधास त्यांना युट्रेक्ट विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. पुढे जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुन्सेन व किर्खोफ ह्या थोर गुरूंच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ह्याचे नवे पुरावे लंबकाच्या साहाय्याने देणारा प्रबंध लिहून १८७९ साली ते डॉक्टर झाले, आणि १८८२ साली, वयाच्या २९व्या वर्षी, लायडेन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे मुख्य अध्यापक म्हणून नेमले गेले.

त्या पदावर आरूढ होताना केलेल्या भाषणात त्यांनी आपले ब्रीद सांगून टाकले. मापनाच्या वाटेनेच ज्ञानाप्रत जाता येते, आणि हे वचन प्रत्येक प्रयोगशाळेच्या द्वारावर कोरावे, असा त्याचा आशय होता. आज हे बोल साधे वाटतील. पण ज्या प्रदेशात मोजण्याचे साधनच नाही तेथे पाऊल टाकणाराला त्यांची किंमत कळते.

व्हान डर व्हाल्स ह्या त्यांच्या स्नेह्याने वायूंच्या वर्तनाविषयी एक सिद्धांत मांडला होता. त्याची पारख करावयाची तर वायू अत्यंत थंड करून पाहणे अवश्य होते. ह्यासाठी ऑनेस ह्यांनी एखाद्या कारखान्याला शोभतील असे पंप, नळ्या व टाक्या जमविल्या. एका वायूच्या थंडीने दुसरा द्रव करावयाचा व दुसऱ्याच्या थंडीने तिसरा, अशा पायऱ्यांनी ते उतरू लागले. यंत्रे करणारे हात हवेत म्हणून त्यांनी कारागीर तयार करणारी शाळाच प्रयोगशाळेस जोडली. निळे अंगरखे घालणारी ती मुले कांच फुंकीत, पितळ कातीत आणि मोठ्या प्रयोगाच्या दिवशी झडपांपाशी उभी राहत.

परंतु मध्येच एक विघ्न आले. १८०७ साली लायडेनच्या कालव्यात बंदुकीच्या दारूने भरलेले एक जहाज फुटून सुमारे १५० माणसे मेली होती व शहराचा एक भाग उद्ध्वस्त झाला होता. त्याच उद्ध्वस्त जागेवर ही प्रयोगशाळा उभी होती. तेथे दाबाखाली कोंडलेले वायू साठविले जात आहेत हे कळताच नगरवासी घाबरले, आणि १८९५ पासून सुमारे तीन वर्षे शीतप्रयोग बंद पडले. ह्या भीतीला हसणे सोपे आहे. पण ज्यांच्या आजोबा-आजींनी तो दिवस पाहिला होता त्यांना कोण दोष देईल? चौकशीअंती परवानगी मिळाली खरी. परंतु त्याच सुमारास, १८९८ साली, लंडनच्या ड्युअर ह्यांनी हायड्रोजन द्रवरूप करून बाजी मारली होती.

आता एकच वायू उरला, तो हेलियम. त्याची पिवळी रेषा प्रथम १८६८ साली सूर्यप्रकाशात दिसली होती; भूतलावर तो अत्यंत दुर्मिळ. ऑनेस ह्यांचे बंधू ॲमस्टरडॅम येथे व्यापारविषयक कचेरीत अधिकारी होते. त्यांच्या खटपटीने अमेरिकेतून मोनाझाइट नावाची वाळू आली व तीतून हेलियम काढण्यात आला. ता. १० जुलै १९०८ रोजी पहाटे काम सुरू झाले. सायंकाळपर्यंत हेलियमचा अखेरचा साठाही खर्ची पडला, उष्णतामापकाचा आकडा एका जागी खिळून राहिला, पण पात्रात काही दिसेना. तेव्हा पाहावयास आलेल्या एका रसायनाध्यापकांनी सुचविले की, उष्णतामापक द्रवात बुडाल्यामुळे तर आकडा थांबला नसेल? खालून प्रकाश टाकताच द्रवाची कड स्पष्ट दिसली. तेथील उष्णतामान बर्फाच्या बिंदूखाली २६९ अंश, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अवघे सुमारे ४ अंश होते. निरपेक्ष शून्य म्हणजे ज्याच्या खाली थंडी असूच शकत नाही ती मर्यादा.

विद्यार्थिमित्रहो, एवढी थंडी मोजावी कशाने? पारा तर उणे ३९ अंशांवरच गोठतो. हेलियम वायूचा दाब पाहून उष्णतामान ठरविता येते, पण ते साधन बोजड व संथ. प्लॅटिनमची तार मात्र सोयीची. तार थंड होत जाते तसतसा विजेला होणारा तिचा रोध नियमाने कमी होतो. तो मोजला की उष्णतामान कळले. परंतु द्रव हेलियममध्ये ही तार मुकी झाली. रोध एका मूल्यावर येऊन थांबला व अधिक थंडीने तो बदलेना. सोन्याची तीच गत. मात्र सोने जितके शुद्ध तितका उरलेला रोध थोडा. दोष भेसळीचा आहे हे ऑनेस ह्यांनी ओळखले आणि पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध करता येणारा धातू, पारा, निवडला. तो कांचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांत भरून गोठविण्यात आला. ता. ८ एप्रिल १९११ रोजी मापन झाले, तो पाऱ्याचा रोध जवळजवळ नाहीसाच झालेला! पुढील प्रयोगांत दिसले की हा रोध हळूहळू ओसरत नाही; ४.२ अंशांजवळ कड्यावरून दगड पडावा तसा एकदम कोसळतो. हीच अतिसंवाहकता.

म्हणजे पाहा, शोध चालला होता चांगल्या उष्णतामापकाचा, आणि हाती आला असा धातू की जो कड्याखाली उष्णतामानाविषयी एक अक्षर बोलत नाही. पण खुद्द कड्यावर काय? तेथे उष्णता अणुमात्र वाढली तरी रोध कितीतरी पटींनी वाढतो. ऑनेस ह्यांच्या मागे १९४१ साली अमेरिकेतील डोनाल्ड अँड्र्यूज ह्यांनी टँटलमची तार नेमकी ह्या उतारावर धरून तिच्यावर पडणारे अदृश्य उष्णकिरण मोजून दाखविले. १९४९ साली नायोबियम नायट्राइडच्या पट्टीने अल्फा कणही टिपले. अडचण होती ती तार उतारावर टिकवून धरण्याची. जरा ढळली की ती वर तरी जाई, खाली तरी घसरे. १९९५ साली केंट अर्विन ह्यांनी विजेचा दाब स्थिर ठेवण्याची युक्ती योजली. रोध वाढला की प्रवाह घटतो, प्रवाहाने होणारा ताप कमी होतो, आणि पट्टी आपोआप मूळ जागी येते. अशा पट्ट्यांनी क्ष-किरणांचा एकेक कण मोजता येतो, व दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणींनी विश्वाच्या बाल्यावस्थेतील क्षीण प्रारणाचे नकाशे त्यांच्याच साहाय्याने काढले आहेत.

ह्या शोधाविषयी अशी एक कथा रूढ आहे की, निळ्या अंगरख्यातील एका मुलास डुलकी लागली, उष्णतामान चढले, आणि म्हणून तो कडा दिसला. गोष्ट गोड आहे. परंतु टिपणवह्या पुन्हा वाचणाऱ्या संशोधकांनी ती निराधार ठरविली आहे. मला तर दुसरीच गोष्ट अधिक विचारार्ह वाटते. त्या दिवशी विजेची मापने घेणारे तरुण सहायक गिलेस होल्स्ट होते, पण शोध जगापुढे आला तो एकट्या ऑनेस ह्यांच्या नावाने. त्या काळची तशी रीत होती हे खरे. तथापि मापनाला एवढा मान देणाऱ्या पुरुषाने मापन करणाराचे नाव शीर्षकाखाली घातले असते तर त्याचे काही उणे झाले नसते.

१९१३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मादाम क्यूरींच्या समवेत केलेला त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. द्रव हायड्रोजनच्या थंडीतही रेडियमच्या प्रारणात फरक पडत नाही, असे त्यात आढळले. पुढल्या वर्षी शिशाच्या वेटोळ्यात सुरू केलेला प्रवाह घटाशिवाय तासन् तास फिरत राहिला. अतिसंवाहक तारांनी प्रचंड लोहचुंबक करण्याचे त्यांचे स्वप्न मात्र भंगले, कारण थोड्याशा चुंबकत्वानेच ती अवस्था मोडते असे दिसून आले. महायुद्धानंतर अन्नान्न करणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. १९२२ साली त्यांनी ०.८३ अंशापर्यंत मजल मारली, पण हेलियम काही गोठला नाही. ते काम त्यांचे शिष्य केसोम ह्यांनी १९२६ च्या जून महिन्यात दाबाच्या साहाय्याने तडीस नेले. गुरू त्यापूर्वीच, ता. २१ फेब्रुवारी रोजी, निवर्तले होते.

त्यांच्या अंत्ययात्रेची एक हकीकत सांगतात. काळे झगे व उंच टोप्या घालून प्रयोगशाळेचे कारागीर शववाहिनीमागून चालले होते. प्रार्थनामंदिरात वेळ अधिक लागल्यामुळे शेजारच्या फोर्सखोटेन गावच्या दफनभूमीकडे जाताना घोडे जोराने हाकावे लागले, आणि कारागिरांना मागून पळावे लागले. तेव्हा त्यांपैकी एकाने धापा टाकीत म्हटले की, आपले धनी गेले तरी आपल्याला धावडविण्याचे काही सोडीत नाहीत.